पात्याचा बोल्ट किती आवळावा

माझ्या दुकानाची पायरी चढणारं गिऱ्हाईक पहिलं वाक्य खोटं बोलतं. "अन्वरभाई, पडलंबिडलं काही नाही बरं. उगाच हलून राह्यलं." मी मान डोलावतो, हेलिकॉप्टर हातात घेतो, शेपटीच्या दांडीला चिकटलेली काळी माती नखाने खरवडतो आणि काउंटरवर त्याच्यासमोर ठेवतो. आभाळात काळी माती नसते, ती वावरात असते. मग तो इकडेतिकडे पाहत म्हणतो, "जरासं टेकलं होतं." जरासं म्हणजे नाकावर.

वाशीमच्या बसस्थानकामागच्या गल्लीत माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. पंखे, मिक्सर, विहिरीवरच्या मोटारी हा आमचा वडिलांपासूनचा धंदा. रिमोटवर उडणारी हेलिकॉप्टरं मागाहून आली. एका फोटो स्टुडिओवाल्याने पहिलं आणून दिलं, कारण गावात जे जे म्हणून फिरतं आणि बिघडतं ते अन्वरकडे न्यायचं अशी लोकांची समजूत आहे. मी ते उघडलं, पाहिलं, आणि मला त्याचा नाद लागला. बायको म्हणाली, "आता या वयात खिलौने!" ती आजही तेच म्हणते.

दिवाळी अंकवाले म्हणाले, तुमच्या कामातलं काहीतरी गमतीदार लिहा. गमतीचं आहे ते आधी सांगून टाकतो. नंतरचं गमतीचं नाही.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी लहान मुलांच्या खेळण्याबद्दल बोलत नाही. मोठ्या हेलिकॉप्टरची दोन पाती सरळ धरली तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुरुषभर लांबी भरते. फिरायला लागली की ती डोळ्याला दिसतच नाहीत, नुसती हवा दिसते. त्या हवेत हात घातला तर हात राहत नाही. घरच्या पंख्याला बोट लागलं तर बोट सुजतं, हे तसं नाही. म्हणून माझ्याकडे कोणी टिचक्या मारत "चालवून दाखवा ना" म्हणत जवळ आला की मी आधी त्याला अंगणाच्या पार टोकाला घालवतो. माझा स्वभाव तापट आहे असं लोक म्हणतात. असू दे. माझ्या अंगणात आजवर कोणाला खरचटलंही नाही.

हलण्याच्या दोन जाती. एक डोलणं, एक झिणझिणणं. सगळं अंग सावकाश डोलत असेल तर चोर मोठ्या पात्यांत किंवा त्यांच्या आसपास असतो. मुंग्या आल्यासारखं बारीक झिणझिणत असेल तर शेपटीची छोटी पाती पाहायची, नाहीतर मोटार. पण नुसत्या अंदाजाने पार्ट बदलत सुटायचं नाही. एकेक गोष्ट काढत जायची. आधी मोठी पाती काढून नुसतंच फिरवायचं. हलणं थांबलं तर चोर पात्यांत आहे. नाही थांबलं तर शेपटीची काढायची, मग शाफ्ट, मग बेअरिंग. पात्यांवर संशय आला तर दोन्ही पाती एका बोल्टवर जोडून दोऱ्याने तराजूसारखी टांगायची. जे वर जातं ते हलकं, त्याच्या टोकाला चिकटपट्टीचा तुकडा लावायचा. बस, एवढाच सगळा जादूटोणा आहे. लागतो तो धीर, आणि तो आमच्याकडे कोणाजवळ नसतो, कारण मशीन लग्नात उडवायचं असतं आणि वरात दारात आलेली असते.

एका कापड दुकानदाराने तक्रार केली की त्याचं मशीन भूत लागल्यासारखं नाचतं. मी त्याच्या गच्चीवर गेलो. त्याने ते प्लास्टिकच्या टेबलावर ठेवून चालू केलेलं. हेलिकॉप्टर ठणठणीत होतं, नाचत होतं ते टेबल. खाली जमिनीवर ठेवायला सांगून मी जिना उतरलो.

आणि तो स्टुडिओवाला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धावत आला. "काल सकाळी चांगलं होतं हो, आज उभंच राहून नाही राह्यलं!" मी पाती पाहिली. एका पात्याच्या टोकाला हळदकुंकवाचा वाळलेला थर, आणि त्यात चिकटलेल्या अक्षता. त्याच्या आईने दसऱ्याला सगळ्या यंत्रांची पूजा केली होती. कॅमेरा, प्रिंटर, मोटारसायकल आणि हेलिकॉप्टर. जे पातं तिच्याकडे होतं त्याला टिळा लागला, पलीकडचं राहून गेलं. पात्याच्या टोकावर तेवढं वजनही फार होतं. मी ओल्या फडक्याने पुसलं, झालं काम. पुढच्या दसऱ्याला ती आजीबाई स्वतःच ताट घेऊन दुकानात. "अन्वर, तूच सांग बाप्पा कुठं लावू ते."

मी म्हटलं, "आजी, मधल्या टोपीले लावा. हे दोन पाते म्हणजे पंगतीतले दोन व्याही. एकाले टिळा लावला तं दुसरा रुसते."

आजी हसून हसून दुकानातल्या स्टुलावर बसली.

झालं गमतीचं.

सुभाष आणि दत्ताभाऊ हे इंझोरीकडचे दोघे भाऊ. ही त्यांची खरी नावं नाहीत. दत्ताभाऊ मोठा. शेती सांभाळायचा आणि सोयाबीन निघालं की आपला मळणीचा थ्रेशर घेऊन गावोगाव फिरायचा. सुभाष बराच लहान, लग्न न झालेला. आई लवकर गेली, त्यामुळे दत्ताभाऊची बायको, सुमनवहिनी, हिनेच त्याला वाढवलं. ती लग्न होऊन आली तेव्हा हा पाटीवर अक्षरं गिरवत होता.

सुभाषने नागपूरकडून एक जुनं मोठं हेलिकॉप्टर आणलं आणि त्याच्या पोटाखाली फुलांचा डबा बसवला. लग्नात नवरानवरी मांडवाच्या दारात आली की हे वर जायचं, डब्याचं झाकण उघडायचं आणि झेंडूच्या पाकळ्या पडायच्या. पैसेवाल्यांच्या लग्नात खरं हेलिकॉप्टर येतं, बाकीच्यांच्या लग्नात सुभाष यायचा. तेव्हा ड्रोन प्रत्येक स्टुडिओवाल्याकडे झाले होते, पण ड्रोन पाहायला कोणी माना वर करत नव्हतं. याला पाहायला अख्खं गाव लोटायचं. त्याच्या परवानगीबिरवानगीचं कोणी विचारत नव्हतं. आता विचारतात, आणि विचारलंच पाहिजे.

दत्ताभाऊ दर वेळी सोबत. सुभाषच्या हातात रिमोट, दत्ताभाऊच्या हातात दोर आणि तोंडात शिट्टी. लोकांना मागे ढकलायचं काम त्याचं. "मागं सरा! ए पोट्टेहो, मागं सरा म्हणतो ना!" त्याचा आवाज असा की घोडीसुद्धा मागे सरायची.

दोघं पहिल्यांदा माझ्याकडे आले ते डोलण्याची तक्रार घेऊन. खोटं बोलले नाहीत, खरंच पडलेलं नव्हतं. मी पात्याला बोट लावलं आणि मला कळलं. पातं जागचं हलेना.

इथे थोडं समजावून सांगावं लागेल. प्रत्येक पातं एका चिमट्यात बसतं. चिमट्याला दोन कान असतात, त्या दोन कानांच्या मधे पात्याचं बूड, आणि आरपार एक बोल्ट. लोकांना वाटतं तो बोल्ट जीव खाऊन आवळायचा. नाही. हेलिकॉप्टर आडवं धरलं तर पातं आपोआप लोंबू नये, पण बोटाने ढकललं तर सरकलं पाहिजे, इतपतच आवळायचा. फिरायला लागलं की पातं ओढीने ताणलं जातं आणि आपली सरळ जागा आपणच धरतं. आवळून बांधून ठेवलं तर जरा वाकडं बसलेलं वाकडंच राहतं, आणि वाकडं फिरलं की सगळं डोलतं. वरून चिमट्याचे कान दाबले जातात ते वेगळंच.

मी बोल्ट बेताचा केला, आडवं धरून दाखवलं, बोटाने ढकलून दाखवलं. सुभाषला लगेच कळलं. दत्ताभाऊचा चेहरा पडला.

"म्हंजे सैल ठेवाचं म्हणता?"

"सैल नाही, दत्ताभाऊ. जेवढं पायजे तेवढं."

"मले नाही पटत, अन्वरभाई. सैल बोल्टनं माणूस कसा मरते ते म्या पाह्यलं हाये."

मग त्याने सांगितलं. एकदा थ्रेशरचा बोल्ट सैल राहिला, चालू मशीनचा लोखंडी तुकडा उडाला आणि पलीकडे पेंढ्या देणाऱ्या मजुराच्या पोटात बसला. दवाखान्यात नेताना तो जीपमध्येच गेला. "त्याच्या बायकोले सांगाले म्या गेलो होतो. ती भाकरी थापत होती. थापतच राह्यली. म्या दोनदा सांगतलं, तरी थापतच राह्यली."

तेव्हापासून दत्ताभाऊ पाना खिशात घेऊन फिरायचा. थ्रेशर चालू करण्याआधी एकेक बोल्ट, बैलगाडीचं चाक, शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची ट्रॉली, जे समोर येईल ते आवळायचा. सुमनवहिनी एकदा त्यांच्यासोबत दुकानात आली होती, तेव्हा म्हणाली, "भाऊ, यायले काही तरी समजावा. घरातला पाण्याचा नळ यायनं असा आवळला का मले शेजारच्या पैलवानाले बोलवा लागते." दत्ताभाऊ लाजून हसला. नवऱ्यावर जीव असलेली बाई अशीच चेष्टा करते.

मी बोल्टावर आणि चिमट्याच्या कानावर मिळून पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढून दिली. रेघ जुळली आहे तोवर बोल्ट जागेवर आहे, तुटली की कोणीतरी फिरवला आहे. पुढे सुभाष आला तेव्हा रेघ तुटलेली. पुन्हा दोघं आले, पुन्हा तुटलेली. सुभाष माझ्यासमोरच भावावर भडकला, "दादा, तू हात लावू नको म्हणलं होतं ना म्या!"

"बरं बाप्पा, नाही लावत."

"तुह्या पोरीची शपथ घे."

"पोरीची कायले घेऊ? नाही लावत म्हणलं ना!"

मीही त्याला झापलं. म्हटलं, दत्ताभाऊ, तुमच्या थ्रेशरले म्या कधी हात लावला का? मंग तुमी याले लावू नका. तो हो हो म्हणाला. त्याला समजत नव्हतं असं नाही, त्याला सगळं समजलं होतं. पण समजणं वेगळं आणि रात्री डोळा लागणं वेगळं. सैल म्हटलं की त्याला तो मजूर दिसायचा, त्याला मी काय करणार होतो?

पुढचं मी पाहिलेलं नाही. सुभाषने सांगितलं आणि तिथे हजर असलेल्या दोघातिघांनी सांगितलं. कामरगावच्या अलीकडे एक लग्न होतं. मांडवाच्या मागे रिकामं वावर. दुपारी हेलिकॉप्टर वर गेलं, पाकळ्या पडल्या, टाळ्या झाल्या. आणि मग ते डोलायला लागलं. सुभाषने खाली पाहिलं तर लेकरंच लेकरं, पाकळ्या वेचत होती. त्याने ते तिथून काढलं आणि रिकाम्या वावराकडे नेलं. वावराच्या बाजूने काही पोरं धावत येत होती, त्यांना अडवायला दत्ताभाऊ तिकडे पळत गेला होता. हात पसरून, हेलिकॉप्टरकडे पाठ करून उभा होता. "मागं सरा" म्हणत होता. तेवढ्यात एक पातं सुटलं.

कारंज्याच्या दवाखान्याच्या वाटेवर, जीपमध्येच दत्ताभाऊ गेला.

लोक लोकच असतात. कोणी म्हणालं सुभाष पिऊन होता. तो कधी पीत नाही. कोणी म्हणालं, पोरं सोडून बरोबर भावावरच कसं नेलं? आता वावर कोणाच्या नावावर होते ते पाहा. हे बोलणाऱ्यांची तोंडं मला माहीत आहेत, त्यांचे पंखे मी दुरुस्त करतो. आणि सुमनवहिनीने दहाव्याला सगळ्यांदेखत सांगितलं, "याले माह्या दारात येऊ देऊ नका." सुभाष वावरातल्या खोलीत राहायला गेला.

पोलिसांनी मोडकं सामान परत दिलं तेव्हा तो ते गोणीत भरून माझ्याकडे आला. दाढी वाढलेली. गोणी काउंटरवर ठेवली आणि उभाच राहिला. मी चहा सांगितला, त्याने घेतला नाही.

"अन्वरभाई, एकच सांगा. ते आधीच तुटून राह्यलं होतं, का माह्या हातच्या झटक्यानं तुटलं? म्या तिकडे नेलं. म्या नेलं नसतं तं दादा..."

मी म्हटलं, "बस. मी पाह्यतो. जे असंल ते सांगतो."

धातू दोन तऱ्हांनी तुटतो. एका दणक्यात तुटला तर तुटलेली जागा चकचकीत दाणेदार दिसते, फोडलेल्या गुळासारखी. हळूहळू तुटला तर भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींवर घासत राहतात, तिच्यात तेल जातं, धूळ जाते, आणि ती जागा गुळगुळीत काळी पडते. पिठाच्या गिरणीचे मोडलेले शाफ्ट पाहून पाहून हे मला पाठ झालं आहे. मी भिंग घेऊन चिमट्याचा तुटलेला कान उन्हात धरला. जवळजवळ सगळा काळा होता. काठाला तेवढी एक बारीक चकचकीत कड. म्हणजे तो कान कितीतरी दिवसांपासून तुटत होता, आणि त्या दुपारी फक्त ती शेवटची कड उरली होती. भेग बोल्टाच्या भोकापासून निघालेली. बोल्टाखालची चकती कानात रुतून बसलेली. दुसरा चिमटा शाबूत होता, तोही पाहिला. त्याच्याही कानाला त्याच जागी केसासारखी भेग होती. पांढरी रेघ जागेवरून कुठल्या कुठे गेली होती, आणि बोल्टाच्या डोक्याचे कोपरे पान्याने गोल झाले होते.

भिंग सुभाषच्या हातात दिलं. मी त्याला सगळं दाखवलं. म्हटलं, "तुह्या हाताचा काही संबंध नाही. तू हलवलं नसतं तरी ते तुटणारच होतं. तिथं लेकरं होते, सुभाष. तू लेकरायवरून काढलं."

तो त्या गोल झालेल्या कोपऱ्यांकडे पाहत राहिला. "म्हंजे दादानं."

"बोल्टनं."

"बोल्ट दादानंच आवळला ना." मग एकदम माझा हात धरला. "वहिनीले सांगू नका."

"काहून? तुह्यावरचा आळ जाईल."

"माह्यावरचा जाईल, दादावर येईल. आपल्या हातानं मेला म्हणून तिनं त्याले आठवत बसावं का? मले बोलते तं बोलू द्या. मी ऐकीन."

मी चिडलो. भयंकर चिडलो. "अबे, मी इथं बिघाड शोधाले बसलो, दाबाले नाही! बापाच्या वेळेपासून या दुकानात कारण खोटं सांगतलं नाही कोणी. अन् त्या बाईले खरं समजलं पायजे का नाही?" शेजारचा सायकलवाला बाहेर येऊन पाहायला लागला. सुभाष फक्त म्हणाला, "तुमाले माही कसम हाये, अन्वरभाई." त्याच्या तोंडाकडे पाहून मी हो म्हटलं. गोणी मी आतल्या फळीवर ठेवून दिली.

काही दिवसांनी सुमनवहिनी आली. एसटीने, एकटी. कपाळ मोकळं. स्टुलावर बसली, पाणी प्यायली, आणि सरळ म्हणाली, "भाऊ, सुभाषनं सामान तुमच्यापाशी आणलं म्हणे. काय निघालं?"

मी बोलायचं ते आधीच ठरवून ठेवलं होतं. म्हटलं, पार्टच मुळात कच्चा होता, जुनं मशीन, कोणाचा दोष नाही. ती ऐकत होती. मी बोलत होतो आणि चिंधीने हात पुसत होतो.

"हात किती पुसाल? हात स्वच्छ हायेत तुमचे."

मी चिंधी खाली ठेवली.

"मले माहीत हाये," ती म्हणाली. "सुभाष आंघोळीले गेला का हे पाना घेऊन बसत. मी पाहत होती ना. मले म्हणत, त्याले सांगजो नको, पोराले समजत नाही, मी हाओ म्हणून तो सुखरूप हाये. त्या दिवशी बी आवळलं. मी चहा घेऊन गेली तं हसले. मी हसली. म्हटलं, आवळा बाप्पा, एकदाचे आवळून घ्या."

मी म्हटलं, "मंग वहिनी, सुभाषले दारात काहून येऊ देत नाही? त्याचा काही दोष नाही हे तुमाले माहीत हाये तं..."

"मंग कोणाले बोलू, भाऊ?" तिचा आवाज चढला. "जो गेला त्याले शिव्या देऊ? त्याच्या फोटोले देऊ? देता येते का? मले दे म्हणलं तरी तोंडातून निघत नाही. आन पोटात तं आग हाये. हा जिवंत हाये, हा ऐकते, म्हणून याले बोलते. बोलली नाही तं फुटून जाईन मी." मग हळू म्हणाली, "त्याले सांगू नका मले माहीत हाये म्हणून. सांगतलं तं तो घरी येईल, समोर बसंल, आन मी रडत बसीन. मले अजून रडाचं नाही. पोरगी हाये, पेरणी हाये."

तिनेही मला शपथ घातली. पोरीची घातली.

ती गेल्यावर मला दोघांचा राग आला आणि दोघांचं इतकं वाईट वाटलं की दुकान अर्धवट ओढून मी नमाजला गेलो. तिथेही मन लागेना. पंखा डोलत असला तर मी तराजूला टांगून अर्ध्या तासात सांगतो कुठलं पातं जड आहे. इथे दोन्हीकडचं सगळं मला माहीत आणि एका शब्दाचाही उपयोग नाही. आयुष्यभराची अक्कल घेऊन मी तिथे मूर्खासारखा बसलो होतो.

हेलिकॉप्टरं मी सोडली नाहीत. एक गोष्ट मात्र बदलली. आता कोणी मशीन आणलं की मी विचारतो, घरी पाना कोणाच्या हाती असतो? आणि मालकाला सोडून त्याला बोलावतो. काका असो, आजा असो, ड्रायव्हर असो. त्याला बोट लावायला लावतो, आडवं धरायला लावतो. त्याला कशाची भीती वाटते तेही विचारतो. लोक हसतात. हसू देत.

हे लिहायच्या आधी मी दोघांना वेगवेगळं विचारलं. सुभाष म्हणाला, "लिहा, पण वहिनीले वाचून दाखवू नका." वहिनी म्हणाली, "लिहा, पण त्याले दाखवू नका." दोघांपैकी कोणी दिवाळी अंक घेत नाही, त्यामुळे मी निश्चिंत आहे.

मध्यंतरी त्यांच्या गावात एका विहिरीवरची मोटार काढायला गेलो होतो. परत येताना गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकल थांबवली, कारण पुढे वहिनीचा आवाज ऐकू येत होता. ती दारात उभी होती आणि सुभाष रस्त्यावर, ओट्याच्या खाली, गळ्यातला दुपट्टा हातात घेऊन.

"मुडद्या, माह्यं घर खाऊन बसला! कोणत्या तोंडानं ह्या रस्त्यानं येतं? डोळे फुटले का तुहे? खालच्या वावरात गवत कमरेएवढं झालं, ते कोण काढंल, तुहा बाप येईल का वरून? आन तो बैल काहून लंगडून राह्यला? जनावरं बी खाशील आता! तुह्या तोंडाकडे पाह्यलं तं अंगाची आग होते माह्या!"

शेजारपाजारची माणसं दारं लोटून घेत होती. सुभाष मान खाली घालून ऐकत होता. मधूनच "हो" म्हणत होता.

"हो काय हो? हाडं पाह्य कशी निघाली अंगाची! सकाळपासून काही खाल्लं का?"

"जेवलो."

"खोटं बोलते मुडदा!"

ती आत गेली. बाहेर आली तेव्हा हातात फडक्यात बांधलेली भाकर होती. त्याच्या हातात दिली नाही. ओट्याच्या कडेला ठेवली, आत गेली आणि दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज मलाही आला.

सुभाषने ते गाठोडं उचललं, दुपट्टा खांद्यावर टाकला आणि वावराच्या रस्त्याने निघाला. मला त्याने पाहिलं नाही. मी किक मारणार तोच कडी निघाली. वहिनी दार जरासं उघडून ओट्याकडे पाहत होती, त्याने भाकर नेली की नाही ते.